जुना ५.१ रिसीव्हर आणि नवा ४के टीव्ही यांचं जुळवायचं कसं?

प्रश्न नाशिकहून आलाय, थोडक्यात असा. ५५ इंची ४के टीव्ही नुकताच घेतला. घरात २००८ चा ५.१ एव्ही रिसीव्हर (चित्र-आवाज आत घेऊन स्पीकर वाजवणारा ॲम्प) आहे, पाचही स्पीकर आणि सबवूफर धडधाकट आहेत. रिसीव्हरच्या मागे दोन एचडीएमआय इन, एक एचडीएमआय आउट, ऑप्टिकल, कोॲक्शियल आणि कम्पोनंटच्या, म्हणजे जुन्या ॲनालॉग चित्राच्या, हिरव्या-निळ्या-लाल पिना आहेत. जोडायचंय काय, तर डिशचा एचडी सेट-टॉप बॉक्स, एक ४के स्ट्रीमिंग स्टिक आणि एक जुना डीव्हीडी प्लेअर. स्टिक रिसीव्हरमधून नेली की कधी पडदा काळा, कधी चित्र येतं पण १०८०पीच्या, म्हणजे फुल एचडीच्या, वर जात नाही. टीव्हीपासून ऑप्टिकल वायर फरशीवरून ओढून बघितली, तर आवाज फक्त पुढच्या दोन स्पीकरमधून. भिंतीत कम्पोनंटची जुनी वायर कन्सील केलेली आहे आणि त्या पाइपात आता दुसरं काही शिरत नाही. दुकानदार म्हणतो, "साहेब, रिसीव्हर भंगारात द्या, साउंडबार घ्या."

रिसीव्हर भंगारात देऊ नका, निदान एवढ्यात तरी. मी पुण्यात घरोघरी जाऊन हीच जोडाजोडीची कामं करतो, आणि त्या काळात घेतलेले रिसीव्हर अजून ठणठणीत वाजताना बघतो. दुकानदार जो साउंडबार दाखवेल त्यात मागचे खरेखुरे दोन स्पीकर असतीलच असं नाही. तुमच्याकडे ते आहेत, भिंतीवर ठोकलेले आहेत, त्यांच्या वायरी ओढलेल्या आहेत. हे काम पुन्हा करायला काय खर्च येतो ते एखाद्या इलेक्ट्रिशियनला विचारून बघा.

तुमची अडचण अशी की चित्र आणि आवाज दोन्ही तुम्ही एकाच डब्यातून न्यायला बघताय. तो डबा चित्राच्या बाबतीत म्हातारा झालाय. आवाजाच्या बाबतीत त्याला काहीही झालेलं नाही.

का, ते सांगतो. एचडीएमआय आलं २००२ च्या डिसेंबरात, आणि तेव्हापासून त्याचे नियम बदलतच राहिलेत. टीव्हीकडून आवाज उलटा परत घ्यायची सोय, म्हणजे एआरसी, २००९ मधल्या १.४ आवृत्तीपासून मिळाली. ४के चित्र ६० फ्रेमनी नेणारी २.० आवृत्ती २०१३ मध्ये आली. त्यात ४के सिनेमे दाखवणारी ॲप एचडीसीपी २.२ नावाचं कुलूप लावूनच चित्र पाठवतात. त्याची किल्ली २००८ च्या यंत्रात असणं शक्यच नाही, कारण तेव्हा ते कुलूपच नव्हतं. स्टिक वायरीतून विचारते, "तुला काय काय चालतं?" रिसीव्हर त्याच्या काळातलं उत्तर देतो. मग स्टिक गुपचूप १०८०पीवर उतरते, नाहीतर पडदा काळा ठेवते. सेटिंग बदलून यात फरक पडायचा नाही. यावर कुणी महागडी एचडीएमआय वायर सुचवली तर त्याला हात जोडा आणि पुढे चला.

आवाजाचं बघा. डॉल्बी डिजिटल, म्हणजे ५.१ चा आवाज दाबून पाठवायची पद्धत, १९९२ मध्ये थिएटरात आलं, पुढे डीव्हीडीवर आलं. ऑप्टिकलची ती चौकोनी पिन तोशिबाने १९८३ मध्ये काढली. दोन्ही आजही वापरात आहेत, आणि तुमच्या रिसीव्हरला दोन्ही समजतं. म्हणून माझा नियम सोपा आहे: जुन्या रिसीव्हरला चित्राच्या वाटेतून बाजूला करायचं. जे जे नवं आहे ते थेट टीव्हीत, आणि टीव्हीतून आवाजाची एकच वायर रिसीव्हरकडे.

हे उत्तर कुणाला लागू नाही तेही सांगतो. ॲटमॉस, म्हणजे डोक्यावरूनही येणारा आवाज, पाहिजे असेल, छतातले स्पीकर लावायचे असतील, तर ऑप्टिकलचा काही उपयोग नाही. ऑप्टिकलमधून एकतर दोन चॅनलचा साधा, न दाबलेला पीसीएम जातो, नाहीतर दाबून बारीक केलेला डॉल्बी डिजिटल किंवा डीटीएस ५.१. डॉल्बीचा पुढचा प्रकार डॉल्बी डिजिटल प्लस त्यातून जात नाही, काहीही न गाळणारा ट्रू-एचडी तर नाहीच. साध्या एआरसीमधून प्लस जातो. ट्रू-एचडीसाठी २०१७ च्या २.१ आवृत्तीतला ई-एआरसी लागतो. तशी हौस असेल तर नवा रिसीव्हर घ्या, तो खर्च रास्त आहे. तुमच्या प्रश्नात तशी हौस दिसली नाही. आणि ऑप्टिकलमधून येणारा ५.१ दिवाणखान्याएवढ्या खोलीत कमी पडतो असं मला कधी वाटलेलं नाही.

आता मुख्य दुखणं: ऑप्टिकल लावूनही दोनच स्पीकर का वाजतात? इथे घाई करू नका. कारणं चार आहेत आणि चारही वेगळी आहेत.

रिसीव्हरच्या डिस्प्लेकडे बघा. डावीकडे किंवा वरच्या ओळीत बारीक चौकटीत अक्षरं पेटतात: एल (डावा), सी (मधला), आर (उजवा), एसएल आणि एसआर (मागचे डावा-उजवा), आणि सबवूफरसाठी एलएफई. बहुतेक रिसीव्हरांवर ही अक्षरं 'आत काय येतंय' ते सांगतात, 'कोणता स्पीकर वाजतोय' ते नाही. फक्त एल आणि आर पेटलंय आणि बाजूला पीसीएम लिहिलंय, म्हणजे टीव्हीच दोन चॅनल पाठवतोय. रिसीव्हरचा काही दोष नाही. डॉल्बी डिजिटल लिहिलंय, सगळी अक्षरं पेटलीत, आणि तरी मागून आवाज नाही, तर मग रिसीव्हरच्या मेनूत किंवा स्पीकरच्या वायरीत शोधा. एवढं एक बघितलं की अर्धा शोध संपतो.

पहिलं कारण टीव्हीचं सेटिंग. तुमच्याकडे बहुधा पीसीएमच दिसत असेल. टीव्हीच्या आवाजाच्या मेनूत 'डिजिटल साउंड आउट' किंवा तत्सम नावाची ओळ असते. पुष्कळ टीव्हींवर ती पेटीतून काढल्यापासून पीसीएमवर असते. ती ऑटो, डॉल्बी डिजिटल किंवा बिटस्ट्रीमवर (म्हणजे दाबलेला आवाज न सोडवता पुढे पाठवा) न्या. कंपनीनुसार शब्द बदलतो. पास-थ्रू असा पर्याय असेल आणि तो निवडल्यावर एखाद्या ॲपचा आवाजच गेला, तर ऑटोवर परत या. त्याचबरोबर टीव्हीचे स्वतःचे स्पीकर बंद करून आउटपुट ऑप्टिकलवर ठेवा. काही टीव्हींवर हे केल्याशिवाय वरची ओळ करड्या रंगाची राहते, तिच्यावर बोटच पडत नाही.

दुसरं कारण कार्यक्रमातच असतं. यूट्यूबवर बहुतेक सगळं स्टिरिओ आहे. डिशवरच्या पुष्कळ चॅनलांचंही तेच. आणि ॲपवरच्या एकाच सिनेमाचा इंग्रजी ट्रॅक ५.१ आणि हिंदी किंवा मराठी ट्रॅक स्टिरिओ, असंही असतं. तेव्हा तपासायला असा सिनेमा लावा ज्याच्या माहितीत ५.१ स्पष्ट लिहिलंय, आणि आवाजाच्या भाषेच्या यादीतही त्याच भाषेपुढे ५.१ आहे.

तिसरं, आणि हे फार कमी लोकांना माहीत असतं: काही टीव्ही स्वतःच्या आतल्या ॲपचा ५.१ ऑप्टिकलवर नीट पाठवतात, पण एचडीएमआयला बाहेरून जोडलेल्या डब्याचा आवाज मात्र दोन चॅनलवर आणून सोडतात. म्हणून तपासणी नेहमी दोनदा करायची. तोच सिनेमा आधी टीव्हीतल्या ॲपवर, मग स्टिकवर, आणि दोन्ही वेळा डिस्प्ले वाचायचा. टीव्हीतल्या ॲपवर डॉल्बी आणि स्टिकवर पीसीएम आलं, तर स्टिकच्या सेटिंगमध्ये आवाज 'बेस्ट अव्हेलेबल'वरून 'डॉल्बी डिजिटल'वर आणून बघा. तरीही पीसीएमच, म्हणजे टीव्ही अडवतोय.

अशा वेळी मी लोकांना सांगतो, स्टिक काढून ठेवा. तुमचा टीव्ही नवा आहे, तीच ॲप त्यात आहेत, ५.१ तिथून येतंय, मग स्टिकचा हट्ट कशाला? टीव्हीचा प्रोसेसर मंद असेल आणि स्टिकच हवी असेल, तरच एचडीएमआय ऑडिओ एक्स्ट्रॅक्टर नावाचा डबा घ्या. स्टिक त्यात जाते, तिथून चित्र टीव्हीकडे आणि आवाज ऑप्टिकलने रिसीव्हरकडे. घेताना त्यावर ४के ६० फ्रेम आणि एचडीसीपी २.२ लिहिलेलं बघा, आणि एक बारीक सरकणारं बटण बघा ज्यावर पास, २-चॅनल आणि ५.१ असे पर्याय असतात. ते ५.१ वर ठेवलं की डबा स्टिकला सांगतो, "मला साधा डॉल्बी डिजिटल चालतो," आणि स्टिक तेच देते. पासवर राहिलं तर डबा टीव्हीचंच उत्तर स्टिकपर्यंत पोचवतो. टीव्ही म्हणाला "मला दोनच चॅनल," तर तुम्हाला मिळणार पुन्हा दोनच. दोन-तीन हजारांच्या घरातली वस्तू आहे, आणि ती माझ्या यादीत शेवटची आहे.

चौथं कारण रिसीव्हरकडचं. त्या काळातल्या रिसीव्हरना कुठला डिजिटल इन कुठल्या बटणाला जोडायचा ते सेटअप मेनूत सांगावं लागतं. 'टीव्ही' बटण दाबलं म्हणून तो ऑप्टिकल ऐकेलच असं नाही. ॲनालॉग आवाजाच्या लाल-पांढऱ्या पिनांकडेच कान लावून बसलेला असू शकतो. तिथे असाइन करा आणि इनपुट मोड ॲनालॉगवरून ऑटोवर आणा.

एक बारीकसं, सांगायला संकोच वाटतो पण सांगतोच: नव्या ऑप्टिकल वायरीच्या दोन्ही टोकांना पारदर्शक प्लास्टिकच्या टोप्या असतात. त्या तशाच ठेवून पिन दाबलेली मी अनेक घरांत बघितली आहे. टीव्हीकडचं टोक लावून दुसरं टोक तळहातावर धरा, लाल ठिपका दिसला पाहिजे. वायर काटकोनात दुमडू नका. आणि ऑप्टिकलला सोन्याचा मुलामा दिलेली पिन मिळते, ती घेऊ नका. आतून जातो तो उजेड, त्याला सोन्याचं काय कौतुक.

आता ती फरशीवरची वायर. इथे तुमचं नशीब चांगलं आहे. भिंतीतली कम्पोनंटची वायर तुम्ही निरुपयोगी समजताय, पण कम्पोनंटसाठी बनवलेल्या चांगल्या वायरी ७५ ओहमच्या असतात, आणि कोॲक्शियल डिजिटल आवाजालाही ७५ ओहमचीच वायर लागते. आरसीए पिनही (मधे खिळा असलेली गोल पिन) तीच. म्हणजे त्या तीन वायरींपैकी कुठलीही एक, समजा हिरवी, तुमची कोॲक्शियल वायर झाली. रिसीव्हरकडे ती हिरव्या खाचेत न लावता 'कोॲक्शियल डिजिटल इन'च्या खाचेत लावा, बहुतेक यंत्रांवर ती नारिंगी असते. टीव्हीकडे कोॲक्शियल नाही, फक्त ऑप्टिकल आहे, म्हणून तिथे ऑप्टिकल-टू-कोॲक्शियल कन्व्हर्टर लावा. काड्यापेटीएवढी डबी असते, हजाराच्या आत येते, ५ व्होल्टवर चालते, त्यामुळे टीव्हीच्या यूएसबीवरही भागतं. आतला आवाज ती सोडवत नाही, उजेडाचा विजेत बदल करून पुढे पाठवते, म्हणून डॉल्बी तसाच्या तसा पोचतो.

ही डबी आणताना एक फसगत होते. पुण्याच्या तपकीर गल्लीत असो की मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला, "ऑप्टिकल कन्व्हर्टर द्या" म्हटलं की दुकानदार हमखास दुसरीच वस्तू हातात ठेवतो: ऑप्टिकल आत आणि लाल-पांढऱ्या दोन पिना बाहेर. तो डॅक. तो डिजिटलचा ॲनालॉग स्टिरिओ करतो, आणि स्वस्तातल्या बहुतेकांना फक्त पीसीएम कळतं. डॉल्बी पाठवला तर तुम्हाला शांतता मिळते नाहीतर खरखर. तुम्हाला हवी त्या डबीला बाहेर जाणारी आरसीए खाच एकच असते. दोन दिसल्या तर परत करा. मात्र वाचणाऱ्यांपैकी कुणाकडे निव्वळ लाल-पांढऱ्या पिनांचा जुना ॲम्प असेल, तर त्यांना डॅकच घ्यायचा आहे आणि टीव्ही पीसीएमवरच ठेवायचा आहे.

सेट-टॉप बॉक्सचं काय? एचडी बॉक्स १०८० च्या पुढे जात नाही, त्याला जुनंच एचडीसीपी पुरतं, म्हणजे तो रिसीव्हरमधून नेला तरी चित्र येईल. तरी मी तो थेट टीव्हीला लावायला सांगेन. त्या पिढीचे रिसीव्हर बंद असताना सहसा चित्र पुढे सोडत नाहीत. म्हणजे सकाळी बातम्या लावायच्या तरी आधी रिसीव्हर चालू करा, त्याचा इनपुट बदला, मग बॉक्स, मग टीव्ही. घरात आई-वडील असतील तर दुसऱ्या दिवशी तुम्हाला ऑफिसात फोन येईल. टीव्हीला थेट असलेला बॉक्स कुणालाही लावता येतो, आणि सिनेमाच्या वेळी रिसीव्हर चालू केला की झालं. शिवाय त्या काळातले काही स्वस्त रिसीव्हर एचडीएमआयचं चित्र नुसतं पुढे ढकलत, त्यातला आवाज स्वतः वाजवत नसत. तुमचा त्यातला आहे का, ते बघायचीही मग गरज उरत नाही.

डीव्हीडी प्लेअर एकच वस्तू अशी आहे जी रिसीव्हरलाच लावायची, कारण तिचा कोॲक्शियल किंवा ऑप्टिकल आवाज तिथे हक्काने ५.१ वाजतो. (रिसीव्हरला कोॲक्शियल खाच एकच असेल आणि ती टीव्हीने घेतली असेल, तर प्लेअर ऑप्टिकलने लावा, किंवा उलट.) प्लेअरवर फक्त कोॲक्शियलच असेल, तर तसलीच डबी उलट दिशेचीही मिळते. चित्रासाठी प्लेअरची पिवळी पिन टीव्हीच्या एव्ही खाचेत. नव्या टीव्हीला तीन वेगळ्या पिना क्वचित असतात, ३.५ मिलिमीटरचं एक भोक असतं आणि त्यासाठीची शेपटी पेटीत मिळते, नाहीतर विकत घ्यावी लागते. ही शेपटी दिसायला सगळ्यांची सारखी, पण आतली जोडणी कंपनीगणिक वेगळी. पडदा काळा आणि स्पीकरमधून घूं आवाज आला, तर प्लेअर बिघडलेला नाही. पिवळी पिन लाल शेपटीत घालून बघा, मग पांढऱ्यात. कुठेतरी चित्र येतंच. तुमच्या टीव्हीला ते भोकही नसेल तर त्या प्लेअरमध्ये पैसे घालू नका. एचडीएमआय असलेला साधा ब्लू-रे प्लेअर डीव्हीडीही लावतो आणि त्याचं १०८०पी चित्र तुमच्या रिसीव्हरमधून सुखाने जातं.

जोडणी झाल्यावर दोन तक्रारी येतात.

पहिली, सतत बारीक घूं. ती बहुधा लाल-पांढऱ्या वायरी असतील तेव्हाच येते, आणि मूळ असतं गच्चीवरून येणाऱ्या डिशच्या किंवा केबलच्या वायरीत: तिचं अर्थिंग एकीकडे, तुमच्या प्लगचं दुसरीकडे. बॉक्सच्या मागची ती वायर मिनिटभर सोडवा. घूं थांबली की कारण पक्कं. ऑप्टिकलमधून वीज जातच नाही, त्यामुळे टीव्हीकडून येणाऱ्या जोडणीत ती डबी असली तरी एक टोक उजेडाचं राहतं आणि ही भानगड सहसा होत नाही. फक्त डबीची ५ व्होल्ट वीज टीव्हीच्या यूएसबीवरून घेऊन घूं आली, तर तिला मोबाइलचा सुटा चार्जर द्या. पण घूं घालवण्यासाठी रिसीव्हरच्या प्लगची अर्थची जाड पिन कापायची किंवा टेप लावून झाकायची, हा जो उपाय काही मिस्त्री करतात, तो कुणालाही करू देऊ नका. घूं बरी, झटका नको.

दुसरी तक्रार, ओठ आणि आवाज जुळत नाहीत. रिसीव्हर आवाज फक्त उशिरा करू शकतो, लवकर नाही, हे लक्षात ठेवा. आवाज मागे पडत असेल तर रिसीव्हरमधला डिले शून्यावर आणा आणि टीव्हीतलाही डिजिटल आउटपुट डिले कमी करा. आवाज पुढे पळत असेल, जसं डीव्हीडीच्या बाबतीत होऊ शकतं कारण आवाज थेट जातो आणि चित्राला टीव्हीच्या प्रक्रियेत वेळ लागतो, तर डिले ४० मिलिसेकंदांच्या टप्प्याने वाढवा. आपल्याकडच्या २५ फ्रेमच्या चित्रात एक फ्रेम तेवढीच असते. जुळलं की नाही ते बघायला मारामारीचा प्रसंग लावू नका. बातम्या देणारी बाई समोरून बोलतेय असं काहीतरी लावा आणि प, ब, म या अक्षरांकडे बघा. तिथे ओठ मिटतातच, त्यामुळे चूक लपत नाही.

हे सगळं जमल्यावर बहुतेक घरांत एकच वाक्य ऐकू येतं: "संवाद ऐकू येत नाहीत, आणि गाणं लागलं की शेजारी येतात." ५.१ मध्ये संवाद जवळजवळ सगळे मधल्या स्पीकरमधून येतात, आणि आपल्याकडे तो स्पीकर टीव्ही युनिटच्या खणात खोल ढकललेला असतो. त्याला खणाच्या कडेपर्यंत पुढे ओढा, तोंड किंचित वर करा, आणि रिसीव्हरमध्ये त्याची पातळी २-३ डेसिबलने वाढवा. रात्री बघत असाल तर 'लेट नाइट' किंवा 'मिडनाइट' नावाचं बटण शोधा. मोठा आवाज दाबून बारीक आवाज उचलायची ती सोय त्या पिढीच्या बहुतेक रिसीव्हरांमध्ये डॉल्बीच्या ट्रॅकवरच चालते, पीसीएमवर नाही.